पाच स्टारचा एसी वरोरला किती स्टारचा?

१ जानेवारी २०२६ पासून एसीवरच्या स्टारचा तक्ता बदलला. डिसेंबरात जो स्प्लिट एसी ५ स्टारचा होता, तोच जानेवारीत ४ स्टारचा झाला. मशीन तेच, कॉम्प्रेसर तोच, वीजही तेवढीच खाणार. बदलली ती मोजपट्टी. त्याआधी २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता. म्हणजे आधी किंमत उतरली आणि मग नव्या ५ स्टारची पायरी वर सरकल्यामुळे पुन्हा चढली. या उन्हाळ्यात एसी घ्यायला निघालेल्या माणसाचा गोंधळ होणार यात नवल नाही.

हा गोंधळ आपण वरोरच्या निमित्ताने सोडवून पाहू. वरोर म्हणजे डहाणू तालुक्यातलं, चिंचणी आणि वाढवणच्या मधलं, समुद्राला लागून असलेलं मासेमारीचं गाव. हे गाव निवडायचं कारण असं की एसीचं रेटिंग ज्या हवेत मोजतात तिच्यापेक्षा इथली हवा बरीच वेगळी आहे. आणि जे वरोरला लागू पडतं ते थोड्याफार फरकाने डहाणू, बोर्डी, केळवे, अलिबाग, मालवण, सगळ्या किनारपट्टीला लागू पडतं.

आधी स्टार म्हणजे काय ते पाहू. हे स्टार ऊर्जा दक्षता ब्युरो, म्हणजे बीईई ही केंद्र सरकारची संस्था देते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, ब्युरो २००२ चा, आणि स्टार लेबलची योजना २००६ ची. सुरुवातीला ती ऐच्छिक होती. एसीला लेबल सक्तीचं झालं २०१० पासून. स्टार ठरतात एका आकड्यावरून. त्याचं नाव आयएसईईआर. नाव अवघड आहे, पण अर्थ सोपा: पूर्ण मोसमात एसीने खोलीतून जितकी उष्णता बाहेर काढली, भागिले त्यासाठी जितकी वीज खाल्ली. आकडा ४ असेल तर १ युनिट विजेत ४ युनिट उष्णता बाहेर गेली. आकडा जितका मोठा, तितका एसी काटकसरी.

२०१८ च्या तक्त्यात स्प्लिट एसीला ५ स्टार मिळायला ४.५० पुरायचे. जुलै २०२२ मध्ये ही अट ५.०० झाली. आता २०२६ मध्ये ती आणखी वर गेली. म्हणून २०१९ मध्ये ४.५० आयएसईईआरचा ५ स्टार एसी घेतला असेल तर २०२२ च्या तक्त्यात तो ४ स्टारचा, आणि आजच्या तक्त्यात ३ स्टारचा. तो बिघडला वगैरे काही नाही. नुसत्या स्टारवर जाऊ नका, स्टारखाली छापलेला आयएसईईआरचा आकडा आणि लेबलचा कालावधी वाचा, असं म्हणतात ते याचसाठी. दुकानात जुन्या लेबलचा ५ स्टार आणि नव्या लेबलचा ४ स्टार शेजारीशेजारी दिसले आणि दोन्हींचा आकडा ५.१ असला, तर दोन्ही सारखेच. ज्याची किंमत आणि वॉरंटी बरी तो घ्या. विंडो एसीचा तक्ता वेगळा आहे आणि तो बराच सैल आहे. ५ स्टारचा विंडो एसी म्हणजे ५ स्टारचा स्प्लिट नव्हे.

लेबलवर आणखी एक आकडा असतो, वर्षाला किती युनिट. बहुतेक जण तो पाहून लगेच दराने गुणतात. पण हा आकडा वर्षाला १६०० तास एसी चालेल असं धरून काढलेला असतो. रोज ८ तास धरले तर २०० दिवस. वरोरच्या एका घरात, एका बेडरूममध्ये, एप्रिल-मे आणि पुढे ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रीपुरता एसी लावला तर किती तास होतात? तीन महिने, रोज साडेपाच-सहा तास धरले तरी ५०० च्या आसपास. म्हणजे लेबलच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी.

इथून पुढचा हिशेब स्वतःच्या बिलाशी जुळवून पाहा. दीड टनाचा एसी १६०० तासांत साधारण ३,८०० युनिट इतकी उष्णता बाहेर काढतो असं धरू. आयएसईईआर ३.९ असेल तर त्याला सुमारे ९७५ युनिट वीज लागेल, ५.१ असेल तर ७४५. फरक २३० युनिटचा. हिशेबापुरता युनिटमागे १२ रुपये धरले तर वर्षाला साधारण २,७५० रुपये वाचतात. दोन्ही एसींच्या किमतीत ९,००० रुपयांचा फरक असेल, तर तो सव्वातीन वर्षांत वसूल. दुकानदार जे सांगतो ते इथपर्यंत बरोबर आहे.

आता तेच ५०० तासांसाठी करा. फरक ७२ युनिटवर येतो, म्हणजे वर्षाला ८६० रुपये. तेच ९,००० वसूल व्हायला दहा वर्षांच्या वर लागतील. समुद्रकाठी एसीचं बाहेरचं युनिट दहा वर्षं धड राहील की नाही याचीच शंका, त्याकडे पुढे येऊच. उलट चिंचणी किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर कुणाच्या पाहुण्यांना भाड्याने देण्याच्या खोल्या असतील, किंवा वाढवण बंदराच्या कामासाठी येणाऱ्या लोकांना कुणी खोली देणार असेल, तर तिथे एसी वर्षाला ३,००० तासही चालू शकतो. मग फरक ४३० युनिटचा, ५,००० रुपयांच्या वर. पैसे दोन वर्षांच्या आत परत. शिवाय भाड्याच्या खोलीत एसी बंद करायचं पाहुण्याला भान नसतं, हे खोली देणाऱ्याने धरूनच चालावं. तेव्हा ५ स्टार घ्यावा की ३ स्टार, याचं सगळ्यांना एकच उत्तर नाही. मशीन तेच असलं तरी ५०० तासवाल्याला ते महाग आणि ३,००० तासवाल्याला स्वस्त पडतं.

१२ रुपयांचा दर का धरला तेही सांगतो. महावितरणचे घरगुती टप्पे १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत. पहिल्या शंभरानंतरचं युनिट जवळपास दुप्पट दराने पडतं. पंखे, दिवे, फ्रिज, टीव्ही यांवर महिन्याला ९० युनिट जाणाऱ्या घरात एसी आला की एसीची जवळजवळ सगळी युनिट दुसऱ्या टप्प्यात जातात. त्यामुळे एसीचा हिशेब बिलाच्या सरासरी दराने करू नका, शेवटच्या टप्प्याच्या दराने करा. त्यावर वहन आकार आणि वीज शुल्कही येतं. तुमचा टप्पा वरचा असेल तर १२ च्या जागी मोठा आकडा टाका, ५ स्टारची बाजू तेवढी जड होईल.

आता हवेकडे वळू. लेबलसाठी एसी तपासतात तेव्हा खोलीतलं तापमान २७ अंश आणि बाहेरचं ३५ अंश ठेवतात. आतली आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही आत असते. मग वेगवेगळ्या तापमानांना वर्षातले किती तास येतात त्याचं एक देशभराचं वेळापत्रक लावून मोसमाचा आकडा काढतात. त्यात २४ ते ४३ अंश येतात. चंद्रपूर आणि वरोर, दोघांनाही हेच वेळापत्रक.

वरोरला पारा चंद्रपूरसारखा ४५ वर जात नाही. मे महिन्यातही डहाणूचं कमाल तापमान ३४-३५ च्या आसपास असतं, रात्री थोडं उतरतं. एसीच्या दृष्टीने ही चांगली बातमी. बाहेर जितकं कमी गरम, तितकी उष्णता बाहेर टाकायला सोपी. इन्व्हर्टर एसीला तर अशी हवा मानवते, कारण तो कॉम्प्रेसर हळू चालवून तेवढ्याच विजेत जास्त काम करतो. नुसतं तापमान पाहिलं तर आपल्या किनाऱ्यावर इन्व्हर्टर एसी लेबलपेक्षा सरसही चालावा.

पण आपल्याकडे माणूस उन्हाने कमी आणि घामाने जास्त हैराण होतो. हवेत वाफ ठासून भरलेली असते. एसीच्या थंड जाळीवर ती वाफ पाणी होऊन बसते आणि नळीतून बाहेर ठिबकते. रात्रभर एसी चालवून नळीखाली बादली ठेवा. सकाळी १० लिटर पाणी जमलं असेल तर एवढ्या वाफेचं पाणी करण्यासाठी एसीने ६.८ युनिट उष्णता बाहेर काढली. लिटरमागे ०.६८ असा हा हिशेब आहे. एसीने १ युनिट विजेत ४ युनिटचं काम केलं असं धरलं, तर १.७ युनिट वीज निव्वळ पाणी काढण्यात गेली. खोली त्याने एक अंशही गार झाली नाही. अर्थात ही वीज वाया गेली असं नाही, घाम सुकला तो त्याच विजेवर. पण लेबलवर याचा वेगळा आकडा नाही. एकूण उष्णतेत वाफेची उष्णताही धरलेली असते, पण कोणता एसी किती पाणी काढतो हे स्टारवरून कळत नाही.

आणि इथे इन्व्हर्टरची एक खोड आहे. कॉम्प्रेसर हळू चालतो तेव्हा आतली जाळी तितकी थंड राहत नाही. खोली २६ अंशांवर येते, पण ओल राहते, अंथरूण चिकट लागतं. मग आपण रिमोट उचलून २० वर नेतो आणि काटकसर संपते. बीईईच्या सांगण्यानुसार दर अंशाला साधारण ६ टक्के वीज वाढते. २०२० पासून एसी सुरू केल्यावर आपोआप २४ वर येण्याची सक्ती आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसी २० ते २८ अंशांमध्येच चालतील असा नियम आणण्याचं जाहीर केलं, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पण त्या चर्चेत आर्द्रतेचा उल्लेख फारसा आला नाही. दिल्लीच्या कोरड्या मे महिन्यातले २६ अंश आणि वरोरचे २६ अंश अंगाला एकसारखे लागत नाहीत.

उपाय साधे आहेत. रिमोटवर 'ड्राय' मोड असतो, तो पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात वापरून पाहा. एसीचा पंखा कमी वेगावर ठेवा आणि छताचा पंखा मंद सुरू ठेवा. आणि एसी खोलीला लागतो त्यापेक्षा मोठा घेऊ नका. 'दीड टनच घ्या, लवकर गार होतं' हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण खूप मोठा एसी खोली पटकन गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. त्याआधी वरचं छप्परही पाहा. कौलांतून किंवा पत्र्यातून उष्णता आणि बाहेरची दमट हवा येत राहिली तर ५ स्टारवाला एसी ती रात्रभर उपसत बसेल. अशा घरात स्टारवर खर्चायचे ९,००० रुपये खोलीला फॉल्स सीलिंग लावून फटी बुजवण्यावर घातले तर जास्त उपयोगी पडतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

खाऱ्या वाऱ्याचा प्रश्न आणखी वेगळा. लेबल नव्या कोऱ्या मशीनचं असतं. समुद्रावरून येणारं मीठ बाहेरच्या युनिटच्या जाळीवर बसतं. तांब्याची नळी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, हे दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पट्ट्या गळून पडल्या की उष्णता बाहेर टाकायची जागाच कमी होते. कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो आणि लेबलवरचा ५.१ कागदावर राहतो. गॅस गळणं ही त्याच्या पुढची पायरी. म्हणून किनाऱ्यावर एसी घेताना तिसऱ्या आणि पाचव्या स्टारमधल्या फरकापेक्षा जाळीवर गंजरोधक लेप आहे का, जाळी तांब्याची आहे की नुसती ॲल्युमिनियमची, आणि वॉरंटीत गंजाबद्दल काय अट लिहिली आहे, हे आधी विचारा. बाहेरचं युनिट समुद्राच्या तोंडाला न लावता घराच्या आडोशाला लावा, पण हवा कोंडू देऊ नका. उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी वीज बंद करून जाळी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा. यात खर्च जवळपास शून्य आणि रेटिंग टिकतं ते याच कामामुळे.

गावाच्या टोकाला, लाइनच्या शेवटी व्होल्टेज पडतं ती गोष्टही लेबलात नसते. इन्व्हर्टर एसी कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतात, पण त्यांचं सर्किट बोर्ड उडालं तर दुरुस्ती महाग. कंपनीने दिलेली व्होल्टेजची मर्यादा वाचा, तुमच्याकडे रात्री किती येतं ते वायरमनकडून मोजून घ्या आणि मग स्टॅबिलायझरचं ठरवा.

मध्येच पंख्याचं बोलतो, कारण ते सोडून चालणार नाही. साधा छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा साधारण ३०. रोज १५ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे २०० युनिट वाचतात. एसीला ३ वरून ५ स्टारला नेऊन पूर्ण १६०० तास चालवल्यावर जे वाचतं, जवळपास तेवढंच. असा पंखा अडीच-तीन हजारांत येतो. जानेवारी २०२३ पासून पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं आहे, पण पंखा घेताना ते बघणारे थोडेच. वरोरच्या घरात वीज वाचवायला पैसे काढलेच असतील तर पहिले पंख्यावर घाला.

आता हीट पंपाबद्दल. परदेशातल्या नातेवाइकांकडून हा शब्द हल्ली ऐकू येतो. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. एसी खोलीतली उष्णता बाहेर टाकतो, हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता घरात किंवा पाण्यात आणतो. मासे टिकवायला लागणारा बर्फ ज्या कारखान्यात बनतो तिथलं यंत्रही हेच काम करतं, तेव्हा मच्छीमार गावाला ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवणाऱ्याला इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. आपल्याला घर तापवायची गरज नाही, त्यामुळे 'हॉट अँड कोल्ड' एसीचे जास्तीचे पैसे डहाणूत देण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या भाच्याने त्याच्या एसीचं रेटिंग १७ आहे असं सांगितलं तर दबून जाऊ नका. तिथला आकडा बीटीयू या एककात असतो. त्याला ३.४१ ने भागलं की ५ येतात. चाचणीची पद्धत वेगळी असल्याने तंतोतंत तुलना होत नाही, पण अंदाज येतो.

पाणी तापवण्याचं मात्र वेगळं आहे. गिझरवर ५ स्टार असतात ते टाकीतलं गरम पाणी किती हळू थंड होतं यासाठी. १ युनिट विजेतून १ युनिटपेक्षा जास्त उष्णता कोणताही साधा गिझर देऊ शकत नाही, मग स्टार कितीही असोत. हीट पंपाचा वॉटर हीटर आपल्या दमट, उबदार हवेत १ युनिटमध्ये साधारण ३ युनिटची उष्णता पाण्यात घालतो. एकट्या कुटुंबाला तो महाग पडेल, त्यांनी सौर बंब पाहावा. पण दहा खोल्या चालवणाऱ्याने चौकशी जरूर करावी. स्टारची तुलना एकाच प्रकारच्या वस्तूंत करायची असते, गिझरचे पाच आणि एसीचे पाच यांचा एकमेकांशी संबंध नाही.

हे सगळं नुसतं घरच्या बिलापुरतं नाही. वरोरच्या उत्तरेला, डहाणूच्या खाडीकाठी औष्णिक वीज केंद्र आहे. प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच, १९९५ पासूनचे. बीएसईएसने ते मुंबईच्या उपनगरांना वीज द्यायला बांधलं, पुढे ते रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेलं. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ मध्येच अधिसूचित झालेला, तरी कोळसा इथे जळतो आणि वीज उपनगरांत जाते. चिकूच्या बागांवर राखेचा परिणाम होतो का, यावरून इथे अनेक वर्षं वाद चालले. कोळशाच्या केंद्रात एका युनिटला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. बोरिवलीतल्या फ्लॅटमध्ये १६०० तास चालणारा एसी ३.९ ऐवजी ५.१ चा असला तर वर्षाला दीडशे किलो कोळसा जळायचा वाचतो. म्हणजे वर जो ५ स्टार मी वरोरच्या बेडरूमसाठी तितकासा फायद्याचा नाही म्हटलं, तो उपनगरातल्या माणसाने घ्यायलाच हवा. त्याचे तासही जास्त, बिलाचा टप्पाही वरचा, आणि त्याच्या विजेचं धुराडं आजवर डहाणूत.

दर काही वर्षांनी तक्ता कडक करणं बरोबरच आहे, त्याशिवाय कंपन्या हलत नाहीत. पण पुढच्या फेरीत बीईईने हवामानाचा विचार करावा. इमारतींच्या ऊर्जा संहितेत आपल्याच देशाने उष्ण-कोरडा, उष्ण-दमट, संमिश्र, समशीतोष्ण आणि थंड असे पाच विभाग मानले आहेत. युरोपातल्या एसीच्या लेबलवर गरम करण्याचं रेटिंग तीन हवामानांसाठी वेगवेगळं, नकाशासकट छापलेलं असतं. आपल्या लेबलवर निदान उष्ण-दमट भागासाठी एक आकडा आणि तासाला किती लिटर पाणी काढतो हा दुसरा, एवढं आलं तरी मुंबई ते मालवण आणि पुढे केरळपर्यंतच्या गिऱ्हाइकाला नीट निवडता येईल. तोवर दुकानात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: वर्षाला एसी किती तास चालणार, बिलाचा शेवटचा टप्पा कोणता, आणि बाहेरचं युनिट समुद्रापासून किती लांब लागणार.